रसिकांची वर्गणी : कलानिर्मितीचे लोकभांडवल

ज्या जिल्ह्यात कापसाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर पुढील हंगामाचे बियाणे, मुलांचे शिक्षण आणि मागील देणी या तिन्ही गोष्टी भागवाव्या लागतात, त्या जिल्ह्यात पुस्तक, नाटक अथवा चित्रपट यांसाठी भांडवल कोठून यावयाचे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. यवतमाळ जिल्ह्यात रसिकांची वाण मात्र कधीच नव्हती. यशवंत खुशाल देशपांडे यांच्यासारख्या संशोधकाने महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासासाठी यवतमाळ येथे ‘शारदाश्रम’ उभा केला. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच नगरीत भरले. त्यानंतर ४६ वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ९२ वे संमेलन पुन्हा येथेच झाले. त्याचे उद्घाटन जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. शेतकरी-विधवांच्या जीवनावरील ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी भूमिकाही केली होती.

रसिक आहेत, विषय आहेत, कलावंतही आहेत. अडते ते भांडवलापाशी. बँक तारण मागते आणि हस्तलिखिताचे तारण कोणी स्वीकारीत नाही. शासकीय अनुदानास नियम व मर्यादा असतात. अशा वेळी तिसरा मार्ग उरतो तो निष्ठावंत रसिकांनी आगाऊ दिलेल्या लहान लहान रकमांचा. या पद्धतीस आज ‘क्राउडफंडिंग’ म्हणतात. मराठीत तिला लोकनिधी म्हणता येईल. हा मार्ग आपणांस परका नाही. मात्र तो कोणत्या अटींवर यशस्वी होतो, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

वर्गणीची जुनी वहिवाट

वर्गणी हा शब्द महाराष्ट्रातील कोणत्याही गावास समजावून सांगावा लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला आणि त्यातून तळेगाव येथे काचकारखाना निघाला. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात सर्वत्र प्रसिद्ध आहे. तेथील मूर्ती, देखावे व रोषणाई यांमागे मूर्तिकार, सुतार, चित्रकार व वीजकामगार यांचे श्रम असतात आणि त्या श्रमांचे मोल मुख्यतः वर्गणीतूनच चुकते होते. साहित्य संमेलनाच्या स्वागत समितीचे शुल्क भरून सभासद होणारा शिक्षक किंवा वकील हाही याच परंपरेतला.

पूर्वेस चंद्रपूर ओलांडून पुढे गेले की झाडीपट्टी रंगभूमीचा प्रदेश लागतो. दिवाळीनंतर तेथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावातील मंडळ गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथील नाट्यकंपनीशी आधी करार करते आणि तिकिटे विकून खर्च भरून काढते. प्रेक्षक किती येतील याची जोखीम अशा रीतीने एकट्या कंपनीवर न राहता गाव ती वाटून घेते. रसिकाने जोखमीत भागीदार व्हावे, हे लोकनिधीचे मूळ सूत्र या व्यवहारात स्पष्ट दिसते.

मात्र उत्सवाची वर्गणी आणि निर्मितीची वर्गणी यांत एक मूलभूत अंतर आहे. उत्सव ठरलेल्या तिथीस होतो आणि वर्गणी देणारा तो डोळ्यांनी पाहतो. पुस्तक किंवा चित्रपट पूर्ण होण्यास महिने, प्रसंगी वर्षे लागतात. त्या मधल्या काळात रसिकाच्या हाती केवळ शब्द असतो. हा शब्द कसा पाळला गेला, हे पुढील तीन उदाहरणांवरून दिसून येईल.

नागपुरात स्थापन झालेली ज्ञानकोशाची कंपनी

पहिले उदाहरण विदर्भातीलच आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूर येथे झाला व शालेय शिक्षण अमरावतीस झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन परतल्यावर मराठीत संपूर्ण ज्ञानकोश रचण्याचा संकल्प त्यांनी केला. पाठीशी संस्थानिक नव्हता, सरकारही नव्हते. त्यांनी १९१६ मध्ये नागपूर येथे ‘ज्ञानकोश मंडळ लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. लोकांना भाग विकावयाचे आणि ग्रंथाचे वर्गणीदार आधीच मिळवावयाचे, ही त्यामागील योजना होती. त्यासाठी केतकरांनी स्वतः गावोगाव हिंडून लोकांची दारे ठोठावली. पुढे मंडळाचे काम पुण्यास हलले.

‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे खंड १९२० पासून बाहेर पडू लागले आणि त्या दशकातच २३ खंडांचे कार्य पुरे झाले. पहिले पाच प्रस्तावनाखंड, त्यांनंतर अकारविल्हे रचलेले खंड, एक सूचिखंड आणि अखेरचा हिंदुस्थानावरील खंड, अशी त्याची रचना आहे. वर्गणीदाराने कंपनीच्या स्थापनेपासून पहिल्या खंडासाठी सुमारे चार वर्षे वाट पाहिली, हे येथे लक्षात घ्यावे. त्याला तसे करावयास लावणारी गोष्ट म्हणजे एका विद्वानाविषयीचा विश्वास आणि मराठीत असे काही व्हावे ही त्याची स्वतःची इच्छा.

काम पूर्ण होत आल्यावर केतकरांनी आणखी एक गोष्ट केली. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने त्यांनी ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहून १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी पैसा दिला त्यांच्यापुढे झालेल्या कामाचा वृत्तान्त ठेवणे, हा लोकनिधीचा शेवटचा आणि बहुधा विसरला जाणारा टप्पा होय. या कार्याचे फळ ज्ञानकोशापुरते मर्यादित राहिले नाही. ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. वर्गणीदारांच्या पैशातून एक ग्रंथ निघाला, त्याचबरोबर ग्रंथ रचणारी माणसेही घडली.

दोन रुपयांचा चित्रपट

दुसरे उदाहरण शेजारच्या गुजरातचे, परंतु त्यात मराठी लेखणीचा वाटा मोठा आहे. दुग्ध सहकाराच्या उदयावर कथापट काढावा असे डॉ. व्हर्गीस कुरियन व दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी ठरविले, तेव्हा सुमारे १० लाख रुपयांचा प्रश्न उभा राहिला. गुजरातच्या सहकारी दूध संघांच्या ५ लाख सभासदांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि तो सुटला. दूध संकलनाच्या वेळी त्या दिवसाच्या दुधाच्या पैशातून ही रक्कम देण्यात आली. विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि स्मिता पाटील, गिरीश कर्नाड, नसीरुद्दीन शाह यांच्या भूमिका असलेला ‘मंथन’ १९७६ मध्ये पडद्यावर आला. शेतकरी गावागावांतून वाहने भरभरून ‘आपला’ चित्रपट पाहावयास आले. ज्यांनी भांडवल दिले तेच पहिले प्रेक्षक झाले. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा व पटकथेचा असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटास मिळाले. २०२४ मध्ये त्याची पुनरुज्जीवित प्रत कान महोत्सवात दाखविण्यात आली.

या उदाहरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, रक्कम इतकी लहान होती की ती बुडाली असती तरी कोणाचे घर अडचणीत आले नसते. दुसरी, नव्याने जाळे विणावे लागले नाही. गावोगावच्या दूध संस्था आधीच उभ्या होत्या आणि त्यांचा व्यवहार रोजचा होता. लोकनिधीस लागणारा विश्वास ऐन वेळी निर्माण करता येत नाही. तो आधी कमावलेला असावा लागतो.

वाचकांची प्रकाशनसंस्था

तिसरे उदाहरण ‘ग्रंथाली’चे. १९७० च्या दशकाच्या मध्यास दिनकर गांगल, अरुण साधू, कुमार केतकर, अशोक जैन आदी मंडळींनी ही वाचक चळवळ सुरू केली. वाचकाने सभासद व्हावे, वर्गणी द्यावी आणि त्या बदल्यात त्यास सवलतीने पुस्तके मिळावीत, हा तिचा पाया होता. सभासद निश्चित असल्यामुळे बाजारात ज्यांचे नाव नव्हते अशा लेखकांची पुस्तके काढण्याचे धैर्य संस्थेस झाले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये याच मार्गाने वाचकांपर्यंत पोहोचले. ‘उपरा’ला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

ग्रंथालीचे सभासद वर्गणी देऊन थांबले नाहीत. ग्रंथप्रदर्शने भरविणे, गावोगाव पुस्तके नेणे, ओळखीच्या वाचकास सभासद करणे ही कामे त्यांतील अनेकांनी हौसेने केली. निष्ठावंत रसिकाचे खरे मोल येथे कळते. तो व्यवसायास तीन गोष्टी देतो : काम सुरू होण्यापूर्वी भांडवल, काम चालू असताना धीर आणि काम पूर्ण झाल्यावर नवा ग्राहक. यांपैकी पहिल्याची नोंद खातेवहीत होते. उरलेल्या दोहोंची होत नाही. तथापि धंदा टिकतो तो त्यांच्यावरच.

जगातील अनुभव

याच तत्त्वांचा प्रत्यय अन्यत्रही येतो. १८८५ मध्ये न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसा अपुरा पडला. तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून १ लाख डॉलर दिले. देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापण्याचे वचन त्यांनी पाळले. अमेरिकेतच २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘किकस्टार्टर’ या इंटरनेटवरील व्यवस्थेने एक कडक नियम घातला. ठरविलेली संपूर्ण रक्कम ठरविलेल्या मुदतीत जमली नाही, तर कोणाचाही पैसा घेतला जात नाही. अपुऱ्या भांडवलावर काम सुरू करून ते मध्येच सोडण्यापेक्षा न सुरू करणे बरे, हा त्यामागील विचार आहे. आपल्या देशात ‘लुसिया’ (२०१३) हा कन्नड चित्रपट दिग्दर्शक पवन कुमार यांनी शंभरावर प्रेक्षकांच्या पैशातून पूर्ण केला. आता भ्रमणध्वनीवरून क्षणात रक्कम पाठविता येत असल्याने गोळा करण्याचे श्रम पुष्कळच कमी झाले आहेत. विश्वास संपादन करण्याचे श्रम मात्र होते तेवढेच आहेत.

एका पुस्तकाचा हिशेब

हे तत्त्व यवतमाळ जिल्ह्यात कसे उतरविता येईल, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, तालुक्याच्या गावी एक छोटा मुद्रक-प्रकाशक आहे. परिसरातील दंडारीची गीते व कलावंतांच्या आठवणी यांचे सचित्र पुस्तक त्यास काढावयाचे आहे. ५०० प्रतींच्या छपाई-बांधणीस ६०,००० रुपये, संपादन व छायाचित्रे यांस १५,००० रुपये, टपाल व वाहतुकीस ९,००० रुपये आणि अडीअडचणीसाठी राखीव ६,००० रुपये धरले, तर एकूण खर्च ९०,००० रुपये होतो. प्रत्येकी ३०० रुपये देणारे ३०० वर्गणीदार मिळाले की हा खर्च पूर्ण भागतो. उरलेल्या २०० प्रतींची विक्री हा प्रकाशकाचा नफा आणि पुढील पुस्तकाचे बीजभांडवल होय.

तीनशे वर्गणीदार ही संख्या जिल्ह्याच्या १६ तालुक्यांत विभागली, तर एका तालुक्याच्या वाट्यास १९ येतात. ग्रंथालयाचे सभासद, शिक्षक, भजनी मंडळे आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेले गावकरी यांतून ते मिळणे अशक्य नाही. मात्र पुढील पथ्ये पाळली पाहिजेत :

१. खर्चाचे अंदाजपत्रक वर्गणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करावे.

२. रक्कम कोणत्या तारखेपर्यंत जमावयास हवी आणि न जमल्यास ती केव्हा व कशी परत मिळेल, हे पावतीवरच छापावे.

३. वर्गणीसाठी स्वतंत्र बँक खाते असावे. दुकानाचा गल्ला आणि वर्गणी एकत्र करू नये.

४. वर्गणीची वेळ शेतीचे चक्र पाहून ठरवावी. मृगाच्या तोंडावर, बी-बियाण्याची जुळवाजुळव चालू असता मागितलेले ३०० रुपये आणि कापूस विकल्यावर मागितलेले ३०० रुपये यांत फार अंतर आहे.

५. दर दोन महिन्यांनी कामाची प्रगती कळवावी. विलंब झाला असेल तर तो लपवू नये. कारणासह नवी तारीख द्यावी.

६. पुस्तक प्रथम वर्गणीदारास द्यावे, बाजारात नंतर आणावे. पुस्तकात वर्गणीदारांची नावे छापावीत व शेवटी जमाखर्च जाहीर करावा.

७. ज्या कलावंतांची गीते व आठवणी घेतल्या, त्यांची संमती व मानधन यांची तरतूद अंदाजपत्रकातच असावी. लोकांच्या पैशातून निघालेल्या पुस्तकात लोककलावंतच उपेक्षित राहणे उचित नव्हे.

कायद्याच्या मर्यादा

लोकनिधीचे तीन प्रकार संभवतात आणि त्यांची गल्लत करणे धोक्याचे असते. पहिला प्रकार देणगीचा; त्यात परताव्याची अपेक्षा नसते. सार्वजनिक वा धर्मादाय कारणासाठी नोंदणी नसलेल्या मंडळास निधी जमवावयाचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-सी प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. उत्सवमंडळांना हे कलम परिचित आहे. दुसरा प्रकार आगाऊ खरेदीचा, म्हणजे वर दिलेल्या पुस्तकाचा. छोट्या व्यवसायास हाच सर्वांत सोयीचा.

तिसरा प्रकार नफ्यातील हिश्श्याचा किंवा व्याजाचा. येथे विशेष सावधगिरी हवी. केतकरांच्या काळी भाग विकणे जितके सोपे होते तितके ते आता नाही आणि गुंतवणूकदाराच्या रक्षणासाठी ते योग्यच आहे. कंपनी कायदा, २०१३ अन्वये खासगी वाटपाने भाग द्यावयाचे झाल्यास एका आर्थिक वर्षात सर्वसाधारणपणे २०० हून अधिक व्यक्तींना ते देऊ करता येत नाहीत. जाहीर आवाहनही करता येत नाही. व्याजाचे आमिष दाखवून ठेवी गोळा करणाऱ्यांवर अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियम, २०१९ अन्वये कारवाई होऊ शकते. चित्रपटात पैसे गुंतवा आणि दुप्पट मिळवा, असे सांगत कोणी गावात आल्यास त्यास रसिकांची वर्गणी म्हणता येणार नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीने लोकांना वेळीच सावध करावे.

पंचायत, शाळा आणि ग्रंथालय

ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापाशी लोकांचा विश्वास असतो. म्हणूनच त्यांनी या कामी मर्यादा ओळखून वागावे. एखाद्या चांगल्या प्रकल्पाची माहिती ग्रामसभेत देणे, सूचनाफलकावर अंदाजपत्रक लावू देणे, सभेसाठी शाळेचा वर्ग सुटीच्या दिवशी उपलब्ध करून देणे, हे साहाय्य रास्त आहे. परंतु दाखला देताना वर्गणीची पावती पुढे करणे, विद्यार्थ्यांवर रकमेचे उद्दिष्ट लादणे किंवा सोसायटीच्या सभासदाच्या रकमेतून त्याच्या संमतीविना कपात करणे सर्वथा अनुचित होय. सक्तीने घेतलेल्या वर्गणीतून पुस्तक निघेल, पण वाचक निघणार नाही. मग दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी सारी दारे बंद झालेली आढळतील.

सार्वजनिक ग्रंथालये या व्यवस्थेचा कणा होऊ शकतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांजवळ सभासदांची यादी, हिशेब ठेवण्याची सवय आणि बसावयास जागा या तिन्ही गोष्टी असतात. वर्गणीदारांची नोंद ठेवणे, प्रगतीचे पत्रक लावणे आणि प्रकाशनानंतर जमाखर्च वाचकांपुढे ठेवणे एवढे काम ग्रंथालयाने पत्करले, तर प्रकाशक व वाचक या दोहोंनाही त्याचा आधार वाटेल.

शासनाच्या अनुदानास हा मार्ग पर्याय नव्हे. मराठी विश्वकोशासारखे दीर्घकालीन कार्य शासनाच्याच बळावर उभे राहू शकले. परंतु एका गावाची बोली, एका जमातीचे संगीत, एका परिसराचा इतिहास ही कामे राजधानीतील यादीत केव्हा येतील याची वाट पाहत बसल्यास ती जाणणारी वृद्ध माणसे आपल्यातून निघून जातील. झरी-जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील एखाद्या कोलाम वृद्धेस ठाऊक असलेली गाणी तिच्यामागे राहावयाची असतील, तर तीनशे माणसांनी तीनशे रुपये देण्याइतकेच ते काम मोठे आहे. ते ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्याने पहिल्या पावतीपासून अखेरच्या जमाखर्चापर्यंत चोख राहावे. एवढे झाले, तर दुसऱ्या पुस्तकासाठी लोकांची दारे त्यास उघडी सापडतील.